विचारा तर खरं : कॉलेज छोटं घ्यावं का युनिव्हर्सिटी मोठी?

मार्च संपत आला की माझ्या मेलबॉक्सात एकच विषय असतो. अमेरिकेतल्या अ‍ॅडमिशनचे निकाल लागलेले असतात, बहुतेक ठिकाणी १ मे पर्यंत डिपॉझिट भरून एक जागा पक्की करायची असते आणि घरात दोन तट पडलेले असतात, एका बाजूला आई-मुलगी, दुसऱ्या बाजूला बाबा-काका, किंवा उलटं. यंदा त्यातली चार पत्रं घेतलीयेत. पहिलं लांबलं, त्याला इलाज नाही, त्यातच सगळं आलंय.

ताई, आम्ही नाशिकचे. मुलीला पर्ड्यू (इंडियानातली मोठी सरकारी युनिव्हर्सिटी) आणि ग्रिनेल (आयोवातलं छोटं कॉलेज) दोन्हीकडे मिळालंय. पर्ड्यूत सगळं धरून वर्षाला ४५ हजार डॉलरच्या आसपास खर्च आहे, मदत काही नाही. ग्रिनेलचा खर्च ८८ हजार आहे पण स्कॉलरशिप वजा जाता आमच्या वाट्याला ४१ येतात. तिला मॅथ्स मनापासून आवडतं, कॉम्प्युटर बघायचंय, शिवाय मानववंशशास्त्र असं काहीतरी म्हणते. हुशार आहे पण बुजरी आहे, वर्गात हात म्हणून वर करत नाही. हे म्हणतात पर्ड्यूच, यांच्या ऑफिसात सगळ्यांना ते नाव माहितीये. दीर म्हणाले आयोवात मक्याशिवाय आहे काय. आणि खरं सांगू का, लोकांना कसं सांगायचं की मुलगी एवढी अमेरिकेला गेली ती कॉलेजात गेली, युनिव्हर्सिटीत नाही?

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण पत्र वाचताना मला वाटलं की खरं घोडं तिथेच अडलंय. आपल्याकडे कॉलेज म्हणजे युनिव्हर्सिटीच्या हाताखालचं, पेपर विद्यापीठ काढणार, मार्कशीटवर शिक्का विद्यापीठाचा, कॉलेज बिचारं नुसतं शिकवणार. तिकडे तसं नाहीये. ग्रिनेल कुणाशीही संलग्न नाही, १८४६ सालचं आहे, डिग्री स्वतःची स्वतः देतं. फरक एवढाच की तिथे एमएस-पीएचडीवाले कुणी नाहीत, फक्त बॅचलर्सची मुलं आणि ती पण जेमतेम सतराशे. डार्टमथ बघा, हार्वर्डच्या पंगतीतलं, आयव्ही लीगमधलं आहे, पीएचडी पण देतं, तरी नावाच्या पुढे अजून कॉलेजच लावतं. हे दिरांना सांगा. मक्याचं मात्र त्यांचं बरोबर आहे, मका भरपूर आहे.

आता माझं थोडं ऐका. मी नव्वदच्या दशकात मिडवेस्टातल्या एका मोठ्या सरकारी युनिव्हर्सिटीत मास्टर्स केलं आणि फी सुटावी म्हणून टीए, म्हणजे सरांची शिकवायला मदतनीस होते. कॅल्क्युलसचा पहिला कोर्स, हॉलमध्ये तीनशेच्या वर पोरं, सर खाली स्टेजवर कॉलरला माइक लावून, मागच्या रांगेत निवांत पेपर वाचन चालू. आठवड्यातून दोनदा तीस-तीस जणांच्या तुकड्यांना आम्ही टीए लोक गणितं सोडवून दाखवायचो, तपासायचे गठ्ठेही आमच्याकडेच. माझं इंग्रजी तेव्हा इतकं दिव्य होतं की घाईत फळ्याकडे तोंड करून मी ‘एक्स इक्वल्स शून्य’ म्हणून जायचे आणि पोरं एकमेकांकडे बघायची. तर सांगायचं काय, की ती पोरं मला ओळखायची आणि मी त्यांना. सर नाही. एकीला समर इंटर्नशिपसाठी शिफारसपत्र हवं होतं, ती बरोब्बर सरांकडे गेली, सरांनी प्रेमाने बसवून घेतलं, आणि संध्याकाळी मला मेल, हिच्याबद्दल जरा चार ओळी लिहून दे. मी लिहिल्या, सरांनी सही केली. पत्र वाईट नव्हतं हो, पण लिहिणारी मी तेवीस वर्षांची आणि मला तिच्याबद्दल माहीत काय, तर पोरगी अधिक-उण्याच्या चुका करत नाही आणि सगळं हिरव्या पेनाने लिहिते.

मात्र त्याच युनिव्हर्सिटीत अशीही पोरं बघितली की जी पहिल्याच महिन्यात लॅबच्या दारात जाऊन उभी राहिली, मला काहीही काम द्या म्हणाली, आणि दुसऱ्या वर्षाला पीएचडीवाल्यांबरोबर बसून काम करत होती. मोठ्या ठिकाणी सगळं असतं, फक्त कुणी ताटात वाढून देत नाही, उठून घ्यावं लागतं. पर्ड्यूचंच घ्या, अमेरिकेतलं पहिलं कॉम्प्युटर सायन्स डिपार्टमेंट तिथे निघालं, १९६२ साली. नील आर्मस्ट्राँग तिथला. इंडस्ट्रियल राउंडटेबल म्हणून जॉब फेअर असतो तो मुलंच भरवतात, शेकडो कंपन्या येतात, पोरं सूट घालून रेझ्युमेच्या कॉप्या घेऊन रांगा लावतात (व्हिसावाल्यांना त्यातल्या बऱ्याच कंपन्या हसून नाही म्हणतात, हेही माहीत असू द्या). भारतीय मुलं ढिगाने, त्यामुळे पोळी-भाजीचं आणि दिवाळीचं काही अडत नाही.

पण एक गोष्ट पर्ड्यूची तुम्ही विचारलेली दिसत नाही. तिला तिथे कुठला मेजर, म्हणजे मुख्य विषय, मिळालाय? मॅथ्स मिळालं असेल आणि वर्षभराने तिला कॉम्प्युटरकडे वळावंसं वाटलं तर तिथे त्याला कोडो म्हणतात, म्हणजे मेजर बदलायचा अर्ज, आणि कॉम्प्युटर सायन्समध्ये कोडो करून शिरणं फार कठीण आहे, चांगले मार्क असूनही जागा नाही म्हणून नाही म्हणू शकतात. म्हणजे जी मुलगी म्हणतेय मला हेही बघायचंय आणि तेही बघायचंय, तिला दारात पाऊल टाकतानाच सांगितल्यासारखं आहे की बाई, तू आधी ठरव. ग्रिनेलला याच्या बरोबर उलटं, मेजर दुसऱ्या वर्षाच्या शेवटी सांगायचा आणि मेजर सोडला तर सक्तीचा असा एकच कोर्स, पहिल्या सेमिस्टरचं ट्युटोरियल. डझनभर मुलं, एक प्राध्यापक, एखादा विषय, वाचायचं, लिहायचं, बोलायचं. तोच प्राध्यापक मेजर ठरेपर्यंत तिचा सल्लागार.

आणि आता तुमच्या बुजऱ्या मुलीचं. सगळे सांगतात की लाजरी मुलगी असेल तर छोटं कॉलेज बरं, तिथे जपतात. मला विचाराल तर पहिले तीन महिने तिला तिथेच जास्त जड जातील. तीनशेच्या हॉलमध्ये गप्प बसलेली मुलगी कुणाला दिसतच नाही, चार वर्षं सुखाने गप्प बसून ए ग्रेड घेऊन बाहेर पडता येतं, मी असे कितीतरी पेपर तपासलेत. बारा जणांच्या टेबलाभोवती गप्प बसलं की दुसऱ्या तासाला सगळ्यांना दिसतं आणि तिसऱ्या तासाला मास्तर विचारतात, तुला काय वाटतं? पहिल्यांदा घशाला कोरड पडेल. रात्री तुम्हाला फोन येईल की मला नाही जमत. तेव्हा तिला परत ये म्हणू नका, एवढंच.

छोट्या जागेत ओळखलं जाण्याचा एक किस्सा सांगते, मला फार आवडतो. रॉबर्ट नॉइस, ज्याने इंटेल काढली आणि चिपच्या शोधात ज्याचं नाव घेतात, तो ग्रिनेल गावातच वाढला आणि त्याच कॉलेजात शिकला. १९४८ मध्ये हॉस्टेलच्या पार्टीत भाजायला म्हणून पठ्ठ्याने शेजारच्या शेतातून डुक्कर चोरलं. दुसऱ्या दिवशी सद्बुद्धी होऊन कबूल करायला गेला तर ते निघालं गावच्या मेयरचं! आयोवात जनावर चोरणं म्हणजे तेव्हा गंभीर गुन्हा, तुरुंगापर्यंत गेलं असतं. पण फिजिक्सचे ग्रँट गेल नावाचे सर मध्ये पडले, कॉलेजच्या प्रेसिडेंटने समजूत घातली, आणि पोराची एका सेमिस्टरच्या सस्पेन्शनवर सुटका झाली. तेच गेल सर, ज्यांच्याकडून त्याला ट्रान्झिस्टर हा काय प्रकार आहे ते पहिल्यांदा कळलं. पन्नास हजारांच्या गावात त्याच्यासाठी कोण गेलं असतं हो मेयरकडे? अर्थात पन्नास हजारांच्या गावात डुक्कर कुणी चोरलं ते कळलंही नसतं म्हणा.

तोटे पण सांगते, नाहीतर म्हणाल ताईंना कमिशन मिळतं. गाव साडेनऊ हजार वस्तीचं. जवळचं मोठं शहर डे मॉइन, तिथे जायला हायवेने तास लागतो आणि गाडी नसेल तर कुणाच्या तरी पाया पडावं लागतं. शिकागो चार तासांच्या पुढे. जानेवारीत उणे वीस होतं. पीएचडीवाले नाहीत म्हणजे पुढच्या पातळीचे कोर्सही मोजकेच, काही कोर्स दोन वर्षांतून एकदा निघतात आणि तो शिकवणारा एकमेव माणूस सबॅटिकलवर, म्हणजे लांब अभ्यासरजेवर गेला की संपलं. मॅथ्समध्ये ती खरंच फार पुढे असेल, बारावीतच कॉलेजचं गणित करत असेल, तर हा मुद्दा मोठा आहे. पर्ड्यूत ती तिसऱ्या वर्षी सरळ मास्टर्सच्या वर्गात जाऊन बसू शकते.

पैशांचं. तुम्ही ४१ आणि ४५ अशी तुलना केलीये आणि ती पहिल्याच वर्षापुरती खरी आहे. पर्ड्यूने ट्यूशन २०१३ पासून वाढवलेली नाहीये, हे अमेरिकेत जवळजवळ कुठेच नाही. बाकीची कॉलेजं दरवर्षी वाढवतात. तुमच्या ग्रिनेलच्या पत्रात स्कॉलरशिप डॉलरच्या ठराविक आकड्यात आहे का? असेल तर ४७ हजार ते ४७ हजारच राहणार आणि फी वाढली की ती सगळी वाढ तुमच्या अंगावर. समजा दरवर्षी ४ टक्क्यांनी वाढली तर ८८ चे चौथ्या वर्षी ९९ होतात आणि तुमचा वाटा ४१ वरून ५२ वर जातो. चार वर्षांची बेरीज केली तर दोन्ही एकाच पातळीला येतात, ग्रिनेल थोडं महागच पडेल. तेव्हा आजच फायनान्शियल एडच्या ऑफिसला मेल टाका, फी वाढली तर ही मदत वाढते का म्हणून स्पष्ट विचारा आणि उत्तर लेखी घ्या. फ्लॅट तारण ठेवून कर्ज काढणार असाल तर बँकेला चौथ्या वर्षाचा आकडा दाखवा, पहिल्याचा नको.

छोटी कॉलेजं बंद पडतात असंही तुमच्या कानावर आलं असेल, ते खोटं नाही. न्यूयॉर्क राज्यातलं वेल्स कॉलेज १८६८ सालचं, एप्रिल २०२४ च्या शेवटी जाहीर केलं की हे सेमिस्टर संपलं की बंद, पोरं भर परीक्षेच्या तोंडावर नवं कॉलेज शोधत फिरली. ग्रिनेलच्या बाबतीत ही काळजी करू नका, त्यांच्या गंगाजळीत अब्जावर डॉलर आहेत, इंटेल निघाली तेव्हा त्यांनी तिच्यात पैसे घातले होते, म्हणजे डुक्कर फळलं म्हणायचं. पण दुसरं कुठलंही छोटं कॉलेज बघताना आधी त्यांची तिजोरी बघा, मग त्यांचं तळं आणि झाडं.

अजून एक, तुमच्या मिस्टरांना सांगा, नोकरीच्या दृष्टीने बीए आहे का बीएस आहे याने व्हिसाला फरक पडत नाही. शिक्षणानंतर ओपीटीवर (शिकून झाल्यावर मिळणारी कामाची परवानगी) एक वर्ष काम करता येतं आणि विषय स्टेमच्या, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-इंजिनिअरिंग-गणिताच्या यादीत असेल तर आणखी दोन वर्षं, आणि विषय यादीत आहे की नाही ते ठरतं सीआयपी कोडवरून, म्हणजे त्या विषयाच्या ठरलेल्या नंबरावरून, तो आय-ट्वेंटीवर (व्हिसासाठी कॉलेज देतं तो कागद) मेजरच्या नावाशेजारी छापलेला असतो. मॅथ्स आणि कॉम्प्युटर दोन्ही त्यात बसतात, मग डिग्रीवर बीए लिहिलेलं का असेना. मानववंशशास्त्राचं तसं नाही, म्हणून ते जोडीला घ्यायला सांगा. नियम बदलत असतात, जायच्या आधी पुन्हा बघा.

माझं मत विचारलंत म्हणून, तुम्ही लिहिलेली मुलगी मी ग्रिनेलला पाठवीन, वरच्या मेलला नीट उत्तर आलं तर. इंजिनिअरिंगच करायचंय म्हणाली असती तर एका मिनिटात पर्ड्यू म्हटलं असतं, कारण ग्रिनेलला इंजिनिअरिंग नाहीच, तीन अधिक दोन वर्षांची दुसऱ्या युनिव्हर्सिटीबरोबरची सोय आहे पण त्या शेवटच्या दोन वर्षांच्या पैशांची हमी कुणी देत नाही. आणि डिपॉझिट भरायच्या आधी तिला, तिलाच, तुम्हाला नाही, दोन्हीकडच्या एकेका मॅथ्सच्या मुलीशी व्हिडिओ कॉल करू द्या. तुम्ही दोघं खोलीबाहेर.

लिबरल आर्ट्स म्हणजे आर्ट्स साइडच ना? मुलगा सायन्सचा आहे, मग हे कशाला, असं मिस्टर विचारतात. (चिपळूण)

नाही हो. ग्रिनेलसारख्या छोट्या कॉलेजांना लिबरल आर्ट्स कॉलेजं म्हणतात, पण त्यातल्या आर्ट्सचा आपल्या आर्ट्स साइडशी फारसा संबंध नाही, चित्रकलेशी तर नाहीच. फिजिक्स, केमिस्ट्री, गणित हे सगळं लिबरल आर्ट्समध्येच मोडतं, फक्त एका विषयाचा मेजर करताना चार दुसऱ्या विषयांनाही हात लावायचा अशी पद्धत. जीन कापायच्या क्रिस्परबद्दल २०२० चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालेल्या जेनिफर डाउडना कॅलिफोर्नियातल्या पोमोना कॉलेजच्या, १९८९ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालेले थॉमस चेक वर सांगितलेल्या ग्रिनेलचे. अमेरिकेत पुढे पीएचडी करणाऱ्यांमध्ये या छोट्या कॉलेजांची मुलं त्यांच्या संख्येच्या मानाने बरीच जास्त निघतात. मुलाला लॅब आवडत असेल तर यादीतून काट मारू नका. आणि परदेशी जायचंच नसेल तर पुण्यात फ्लेम आहे, सोनीपतला अशोका आहे, फी मात्र बसून वाचा.

नमस्कार, आम्ही एडिसन, न्यू जर्सी. मुलाला डॉक्टर व्हायचंय. विल्यम्स कॉलेजात नंबर लागलाय आणि रटगर्समध्ये ऑनर्स कॉलेज (निवडक मुलांचा वेगळा गट) मिळालंय. आम्ही दोघं आयटीत, त्यामुळे विल्यम्सची मदत शून्य, वर्षाला ९० हजारांच्या आसपास जाईल. रटगर्स आमच्याच राज्याची सरकारी युनिव्हर्सिटी म्हणून चाळीसच्या आत. मित्र सांगतात विल्यम्स सोडणं म्हणजे वेडेपणा, रँकिंगमध्ये पहिलं असतं. सासूबाई नगरच्या, त्या म्हणतात हे नावच कधी ऐकलं नाही. मुलगा गप्प आहे. आम्हाला वाटतं त्याला विल्यम्स हवंय पण आमच्या खर्चाकडे बघून बोलत नाहीये.

सासूबाईंना सांगा की नगरच्या माणसाने विल्यम्सचं नाव ऐकलं नसेल तरी विल्यम्सने नगरचं ऐकलंय. गॉर्डन हॉल नावाचा माणूस १८०८ मध्ये विल्यम्समधून शिकून बाहेर पडला आणि १८१३ मध्ये मुंबईला येऊन उतरला, मराठी शिकला, अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात त्याची. १८२६ मध्ये कॉलऱ्याने इकडेच गेला. त्याच मिशनचं मोठं काम पुढे नगरला झालं, ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ मध्ये तिथूनच निघालं. आणि मिशनच्या मुंबईच्या छापखान्यात पोरवयात छपाईचे खिळे घासायचं काम करत होते ते जावजी दादाजी, पुढे निर्णयसागर छापखाना काढणारे. म्हणजे सासूबाईंच्या देवघरातल्या जुन्या पोथीपर्यंत धागा पोचतो बघा, थोडा वळसा घेऊन.

हे झालं गमतीचं. तुमचं उत्तर मात्र मी रटगर्स देणार आहे.

विल्यम्स अप्रतिम आहे, त्याबद्दल दुमत नाही. दोन हजार मुलं, आणि तिथले ट्युटोरियल म्हणजे अक्षरशः दोन विद्यार्थी आणि एक प्राध्यापक, एका आठवड्यात एकाने निबंध लिहून वाचायचा, दुसऱ्याने त्याची सालं काढायची, पुढच्या आठवड्यात उलट. असं शिक्षण पैसे देऊनही दुसरीकडे मिळत नाही. मदत मिळत असती तर मी तुम्हाला ओरडून विल्यम्स म्हटलं असतं, कारण २०२२ पासून त्यांची मदत सगळी ग्रँटमध्ये असते, कर्ज त्यात धरतच नाहीत, कमी उत्पन्नाच्या घराला ते रटगर्सपेक्षाही स्वस्त पडू शकतं. पण तुमच्या घरात वर्षाला पन्नास हजारांचा फरक आहे, चार वर्षांत दोन लाख डॉलर, आणि मुलाला डॉक्टर व्हायचंय म्हणजे खरी मोठी फी अजून पुढेच आहे. मेडिकल स्कूलची चार वर्षं, मग रेसिडेन्सी. प्री-मेड हा काही मेजर नसतो, बायॉलॉजी, केमिस्ट्री, ऑरगॅनिक, फिजिक्स हे ठरलेले कोर्स, एमकॅट ही मेडिकलची प्रवेशपरीक्षा, आणि शिफारसपत्रं. पहिल्या दोन गोष्टी रटगर्समध्ये तेवढ्याच होतात. हॉस्पिटलमधला अनुभव लागतो, तो तर न्यू ब्रन्सविकमध्ये जास्त सोपा, मेडिकल स्कूल हाकेच्या अंतरावर. विल्यम्सटाउन डोंगरात आहे, सुंदर आहे, पण गाव ते गाव.

राहता राहिली शिफारसपत्रं, आणि तिथे मात्र वर नाशिकच्या ताईंना सांगितलेला हिरव्या पेनाचा किस्सा मुलाला वाचायला द्या. मोठ्या ठिकाणी गेलास तर त्यातलं छोटं शोधायचं काम तुझं. ऑनर्स कॉलेज आहे तर त्याचे लहान सेमिनार घे, पहिल्या वर्षाला एका लॅबमध्ये शीर, एकाच लॅबमध्ये तीन वर्षं टिक. आणि केलेलं काम लिहून ठेवायची सवय लाव! स्ट्रेप्टोमायसिन, क्षयावरचं पहिलं खरं औषध, ते रटगर्समध्येच सापडलं १९४३ मध्ये, आल्बर्ट शॅट्झ नावाच्या पीएचडीच्या विद्यार्थ्याच्या हातून, तळघरातल्या लॅबमध्ये. नोबेल १९५२ मध्ये एकट्या वॅक्समनना, म्हणजे त्याच्या सरांना मिळालं. त्याआधी श्रेयासाठी शॅट्झला कोर्टात जावं लागलं होतं.

आणि गप्प बसलेल्या मुलाशी बोला. आकडे कागदावर मांडून, दोन्ही रकाने, त्याच्या समोर. मनातल्या मनात आपल्यामुळे आईबाबा कर्जात जातील म्हणून त्याने स्वतःच विल्यम्सवर पाणी सोडलं तर ते त्याला दहा वर्षं डाचेल, आणि तुम्हाला पण. सगळं बघून त्याने तरी विल्यम्स म्हटलं तर मेडिकलचं कर्ज त्याच्या नावावर असेल हे त्याला आत्ताच कळू दे. १८ वर्षांचा आहे, त्याला गणित येतं.

ताई, मी कोल्हापूरची, ओहायोमधल्या एका छोट्या कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे. ऑगस्टमध्ये सगळं भारी वाटलं होतं. आता बर्फात वेड लागायची पाळी आलीये. दीड हजार मुलं, सगळ्यांचे ग्रुप ठरलेले, मराठी बोलायला कुणी नाही, रात्रीचं जेवण साडेसातला बंद. मावसभाऊ टेक्ससला मोठ्या युनिव्हर्सिटीत आहे, तिकडे शंभर मराठी पोरं आहेत म्हणतो, क्रिकेट खेळतात, मिसळ करतात. ट्रान्सफर घेऊ का?

अगं, आत्ता बर्फ आहे. बर्फात घेतलेले निर्णय बर्फ वितळल्यावर एकदा पुन्हा बघायचे असतात.

माझा भाचा पेनसिल्व्हेनियातल्या असल्याच एका कॉलेजात होता. नऊ जणांचा वर्ग. तापाने दोन तास बुडाले तर मॅडमचा मेल, बरा आहेस ना? तिसऱ्या दिवशी त्या दारात हजर, हातात सूपचा डबा आणि सोबत त्यांचा कुत्रा. मला फोन करून कुरकुरला, मावशी, ही तर आईपेक्षा वाईट आहे, इथे आजारी पण पडता येत नाही. दुसऱ्या वर्षी त्यालाही ट्रान्सफर घ्यायची होती, फॉर्म भरून ठेवला होता. शेवटी गेला नाही, तिसऱ्या वर्षाचं एक सेमिस्टर एडिंबराला काढलं, त्याच्या आवडीचा विषय शिकवणारा एकच माणूस होता तो रजेवर गेल्यामुळे, आणि परत आला तेव्हा त्याला त्या गावाचा राग उरला नव्हता. असंच तुझं होईल असं मी म्हणत नाहीये. त्याच्या वर्गातली एक मुलगी खरंच गेली आणि मोठ्या युनिव्हर्सिटीत खूश राहिली.

पण टेक्ससचा विचार करताना दोन गोष्टी बघ. तुला आत्ता मदत मिळते ती सोबत येत नाही, आणि ट्रान्सफर घेणाऱ्या परदेशी मुलांना सरकारी युनिव्हर्सिट्या फारशी मदत देत नाहीत, म्हणजे आधी घरी फोन, मग फॉर्म. दुसरं म्हणजे तुझे लहान सेमिनारचे कोर्स तिकडे कशाच्या बदल्यात धरतील ते त्यांच्याकडून कोर्सनिहाय मागून घे, नाहीतर एक वर्ष वाया. आणि मेजर कुठला ते विचार, आवडीचा मेजर बंद असेल तर मिसळीसाठी जाऊ नकोस. मिसळ तर तूच करू शकतेस. आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या ऑफिसात जाऊन डॉर्मचं किचन एका शनिवारसाठी माग, मटकी दोन दिवस आधीच भिजवून मोड आणून ठेव (हीटरजवळ ठेव, त्या थंडीत एरवी मोड येणार नाहीत), कांदा-लसूण मसाला आईकडून मागव, आणि दारावर कागद लाव. मराठी कुणी येणार नाही. नेपाळी येतील, मेक्सिकन येतील, तिखट खाणारे सगळे येतील, आणि ठरलेले ग्रुप तिथे मोडतात, कारण नाक गळत असताना कुणी ग्रुप करून बसत नाही.

एप्रिलच्या शेवटी मला पुन्हा लिही. आणि स्प्रिंग ब्रेकला डॉर्म आणि मेस चालू असते का बंद, ते या आठवड्यातच विचारून ठेव, बंद असेल तर टेक्ससचं तिकीट आत्ता काढ, भावाकडे आठ दिवस राहा आणि त्याच्याबरोबर एका मोठ्या लेक्चरला जाऊन मागच्या रांगेत बसून ये.